निरंक

पाऊस नसला की भागू फोन करत नसे. हा नियम त्याने आणि रिद्धीने मिळून ठरवला होता, आणि ठरवताना दोघांनाही तो मोठा शहाणपणाचा वाटला होता.

भागू घाटघरच्या पुढे, डोंगराला चिकटून असलेल्या एका वाडीत राहायचा. रिद्धी नारायणगावात एका सेवाभावी संस्थेच्या कचेरीत कॉम्प्युटरवर बसायची. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेला, डोंगरातल्या गावांत संस्थेने पाऊस मोजायची यंत्रं बसवली होती. यंत्र म्हणजे तरी काय, पत्र्याचा डबा, वर नरसाळं आणि आत बाटली. रोज सकाळी बाटलीतलं पाणी काचेच्या मापात ओतायचं, मिलिमीटरचा आकडा बघायचा आणि कचेरीत फोन करून सांगायचा. भागू त्याला 'पावसाचा डबा' म्हणे. घाटघरच्या दुकानाबाहेर रुपया टाकून बोलायचा फोन होता. तिथवर भागू डोक्यावर गोणपाटाची खोळ घेऊन चालत यायचा.

"ताई, आज काय पडला न्हाई," पहिल्याच आठवड्यात त्याने सांगितलं होतं. "आता न्हाई पडला हे सांगाया रोज रुपया घालायचा का?"

रिद्धीला हसू आलं. ती पोपटलाल शेठची मुलगी. तीन पिढ्यांपूर्वी मारवाडातून आलेलं ते किराणा-भुसाराचं जैन घर आता भांडणसुद्धा मराठीतच करायचं. पण रुपया उगाच घालवू नये, हे मात्र कुठल्याही भाषेत पटण्यासारखं होतं. "नका घालू," ती म्हणाली. "फोन आला नाही, म्हणजे पाऊस नाही, असं मी धरते."

"धरा," भागू म्हणाला, आणि ठरलं.

असे तीन पावसाळे गेले. दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं, पण भागू नुसत्या आकड्यावर कधी थांबला नाही. "एकशे साठ, ताई. आन् म्हशीला रेडी झाली." "नव्वद. लावणी उरकली, पर कंबर काय सरळ व्हईना." कॉम्प्युटरवरच्या टेबलात, म्हणजे तक्त्यात, आकड्यापुरताच रकाना होता. बाकीचं रिद्धीच्या डोक्यात राहायचं. त्याचा मुलगा जानकू नारायणगावातच टोमॅटोच्या बाजारात क्रेट उचलायला होता, हेही तिला असंच कळलं. "दिसला तर सांगा, बा इचारत व्हता," असं भागू दर खेपेला म्हणायचा. बाजारात क्रेट उचलणारी पोरं शेकड्यांनी; त्यातला जानकू कोणता, हे शोधायला रिद्धी काही गेली नाही.

चौथ्या वर्षी, म्हणजे दोन हजार चारच्या जूनमध्ये, भागू म्हणाला, "पंचावन्न. मागची भिंत फुगलीया ताई, डोंगराकडची. जानकू येनार हाय टेकू द्याया. मार्केटातनं सवड झाली की येतो म्हनलाय."

त्याच जूनमध्ये संस्थेला मदत देणाऱ्या पुण्याच्या मंडळींनी अहवालावर बोट ठेवलं. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांची नजर भारी तीक्ष्ण असते. अहवालात तीन तारखेनंतर एकदम नऊ तारीख, नऊनंतर चौदा. मधले दिवस गेले कुठे? रिद्धीच्या सरांनी तिला बोलावून विचारलं. दिवस कुठे जाणार? त्या दिवशी पाऊस नव्हता, म्हणून फोन नव्हता, म्हणून टेबलात ओळ नव्हती. आणि कॉम्प्युटरला जी ओळ दिसत नाही ती त्याच्या लेखी जगातच नाही. पण ग्राफ काढला की तो तीन तारखेवरून थेट नऊ तारखेवर उडी मारायचा, आणि मधले कोरडे दिवसही ओले दिसायचे.

रिद्धीने पुण्यात कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, तो आता कामी आला. तिने एक नवं टेबल केलं आणि त्यात वर्षातल्या सगळ्या तारखा ओळीने भरल्या, बाकी काही नाही. मग दोन टेबलं जोडली. डावीकडे तारखा, उजवीकडे फोनवर आलेले आकडे. लग्नं जुळवावीत तशी तारखेला तारीख जुळवायची. जिचं जुळलं तिच्यापुढे आकडा येईल. जिचं जुळलं नाही तिलाही मांडवातून हाकलायचं नाही, डावीकडे तशीच उभी ठेवायची. याला लेफ्ट जॉइन म्हणतात. एका क्वेरीत, म्हणजे कॉम्प्युटरला घातलेल्या एका प्रश्नात, सगळे हरवलेले दिवस परत आले. रिद्धी इतकी खूश झाली की तिने शेजारच्या टेबलावरच्या नीलमला ओढून आणून स्क्रीन दाखवला. नीलम हिशेब बघायची. तिला काही कळलं नाही, पण तीही खूश झाली.

"छान," सर म्हणाले. "पण ह्या मोकळ्या जागा बऱ्या नाही दिसत. शून्य टाका. नाहीतर असं करा, निरंक छापा. अहवालाला वजन येतं."

निरंक हा कचेरीतल्या मराठीचा मोठा गुणी शब्द आहे. तक्रारी किती, निरंक. कार्यवाही काय, निरंक. काहीच घडलं नाही यालाही तो चालतो, आणि काय घडलं ते पाहायला कुणी गेलंच नाही यालाही तोच चालतो. रिद्धीने क्वेरीत तो घातला.

मनात शंका आली नाही असं नाही. डोंगरातला फोन पावसाळ्यात हमखास मुका व्हायचा. पण फोन बंद असला की भागू कोळशाने भिंतीवर आकडे लिहून ठेवायचा आणि सुरू झाला की सगळे एका दमात सांगायचा. आकडा टेबलात पडला की निरंक आपोआप जाणार होतं. म्हणजे बंदोबस्त पक्का होता. सांगणाराच नसला तर काय, तेवढं एक कुणाच्या ध्यानात आलं नाही.

जुलैच्या मध्यावर घाटघरचा फोन बंद पडला. रिद्धीला त्यात काळजीचं काही वाटलं नाही. नारायणगावातही पाऊस होता, बाजारात चिखल होता. महिना संपला, तिने बटण दाबलं आणि अहवाल छापून निघाला. एक प्रत पुण्याला आणि, डोंगराच्या त्या बाजूला दुसरं पाऊस मोजायचं यंत्र नव्हतं म्हणून, दरवर्षीप्रमाणे एक प्रत सरकारी कचेरीत गेली.

ऑगस्टमध्ये एका दुपारी कचेरीच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. डोक्यावरून पदर, पाय चिखलाने भरलेले. तिच्या मागे जिन्यावरच एक तरणा माणूस भिंतीला टेकून थांबला होता. तो आत आला नाही.

"रिद्धीताई कोन?" बाईने विचारलं. "मी सोनीबाई. भागूची बायको, घाटघरच्या फुडनं."

"अहो, या ना, मावशी!" रिद्धी खुर्ची सरकवत उठली. "भागूबाबांचा फोनच नाही कितीतरी दिवस. भिंतीवर जागा उरली की नाही आकडे लिहायला? कसे आहेत?"

सोनीबाई म्हणाली, "त्ये न्हाईत आता, ताई. भिंतच न्हाई."

रिद्धीच्या हातातली खुर्ची तशीच राहिली. आपण आत्ता हसून काय बोललो, ते आठवून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नीलमने उठून पाणी दिलं. ते सोनीबाईने हातात धरून ठेवलं, प्यायली नाही. तिने सांगितलं ते थोडक्यात सांगितलं. पाऊस थांबतच नव्हता. ती म्हशीकडे गोठ्यात गेली होती. मागचा डोंगर सुटला, चिखलाचा लोंढा मागच्या भिंतीवर आला आणि भिंत आत पडली. भागू आत निजला होता. वाट वाहून गेली होती, त्यामुळे पंचनाम्याला माणसं बऱ्याच दिवसांनी आली. तोवर चिखल उपसून झाला होता, ऊनही पडलं होतं.

"त्यांनी कागूद वाचून दाखवला," सोनीबाई म्हणाली. "घर पडलं त्या दिशी पाऊस निरंक. संस्थेच्या कागदात तसंच हाय म्हनले. निरंक मंजी काय वो, ताई?"

"निरंक म्हणजे… काही नाही," रिद्धी कशीबशी म्हणाली.

"काई न्हाई. तेच म्हनत्यात सगळी." सोनीबाईने जिन्याकडे मान वळवली आणि आवाज खाली आणला. "माझा दीर, चिमाजी, चार मान्सांत बोल्ला. पावसाबिगर भिंत पडती का? टेकू न्हवता म्हनून पडली. पोराला दोन म्हैनं सवड झाली न्हाई, पोरानंच बापाला मारलं. आन् ह्यो कागूद बगितल्यापासनं जानकूबी तसंच म्हनतोय. मी पाऊस बगितलाय, मी सांगते, पर आईचं कोन ऐकतंय? भरपाईचं पैसं मिळत्याल, न मिळत्याल, ते ऱ्हाऊ द्या. माझं पोरगं जेवत न्हाई, ताई. घास तोंडाशी न्हेतो आन् ठिवतो. तुमच्या मशिनीत बगा, त्या दिशी किती पडला. फकस्त त्याला सांगा."

रिद्धी कॉम्प्युटरपुढे बसली. काय दिसणार हे तिला ठाऊक होतं. उजवीकडच्या टेबलात त्या आठवड्याची एकही ओळ नव्हती. डावीकडची तारीख उभी होती आणि तिच्यापुढे तिनेच लिहिलेला शब्द होता. ज्या पावसाने भागूला नेलं, तो पाऊस तिच्या क्वेरीने पडलाच नाही असं लिहून दिलं होतं. कोऱ्या जागेचं शून्य तिने केलं होतं, आणि ते शून्य आता एका पोराच्या उरावर बसलं होतं.

तिने क्वेरीतला तो शब्द काढला. फोन मुका होता त्या सगळ्या दिवसांपुढे 'नोंद नाही' असं आलं. सरांना जाऊन सांगितलं, तेव्हा सरांचा चेहरा उतरला. निरंक त्यांनीच सुचवलं होतं. सरकारी कचेरीला पत्र लिहून त्यांनी लगेच सही केली. "दुसरा आकडा देता येईल का?" रिद्धीने विचारलं. सरांनी डोंगरापलीकडच्या मढ गावातल्या डब्याचा आकडा पाहिला. तिथे त्या दिवशी किरकोळच पाऊस झाला होता. या डोंगरांत एका सोंडेवर आभाळ फाटतं आणि पलीकडच्या सोंडेवर माणसं धुणी वाळत घालतात. "जे मोजलं नाही ते आपण लिहू शकत नाही," सर म्हणाले, आणि ते बरोबरच होतं.

रिद्धीने जिन्यावर जाऊन ते पत्र जानकूला वाचून दाखवलं. सदर दिवसांची नोंद उपलब्ध नाही, पूर्वीचा मजकूर रद्द समजावा. जानकूने ऐकून घेतलं. गालफडं बसलेली, डोळे लाल.

"मंजी पडला बी आसंल, आन् पडला नसंल बी," तो म्हणाला.

"हो," रिद्धी म्हणाली. "मोजलेलं नाही."

"मंग त्याचा काय उपेग." एवढं बोलून तो जिना उतरला. सोनीबाई पत्राची घडी पदरात बांधून त्याच्या मागे गेली.

त्या संध्याकाळी रिद्धी जेवायला बसली आणि ताटावरून उठली. सूर्य मावळल्यावर या घरात कुणी जेवत नसे, म्हणजे आता सकाळपर्यंत उपासच. पोपटलाल शेठ दुकान आवरून आले होते. काय झालं, त्यांनी विचारलं. रिद्धीने सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "पप्पा, मी खरं ते लिहून दिलं, तरी त्या पोराला काही मिळालं नाही. आकडा हवा होता त्याला. आकडाच नाही."

शेठ बराच वेळ पगडीवरून हात फिरवावा तसा टकलावरून हात फिरवत राहिले. "खऱ्याने कुणाचा जीव दुखत असेल तर गप्प राहावं, एवढं मुनिमहाराजांकडून ऐकलंय," ते म्हणाले. "खोटं बोल, असं कुणी सांगितलेलं नाही. आणि मी बाप आहे, मी तर नाहीच सांगणार." मग उठता उठता म्हणाले, "घाटघरला सकाळची जीप किती वाजता असते ते विचारून ठेवतो."

रिद्धी वाडीत पोहोचली तेव्हा भातखाचरांत पाणी उभं होतं आणि ऊन पडलं होतं. भागूच्या घराच्या जागी दगडमातीचा ढीग होता. त्यावर हिरवं गवतही उगवून आलं होतं. ते पाहून तिला पहिल्यांदा मोकळं रडू आलं. तीन पावसाळे जो माणूस पाऊस पडला की तिच्याशी बोलत होता, त्याचं दार तिला हे असं पाहायला मिळालं.

चिमाजीच्या पडवीत जानकू गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. चिमाजी घोंगडीवर बसून तंबाखू मळत होता. सोनीबाई चुलीपाशी होती. रिद्धी पडवीच्या कडेला टेकली. वाटभर पाठ केलेलं वाक्य तिने चिमाजीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं.

"जानकूभाऊ, मी काल कचेरीत खोटं बोलले. माझी नोकरी जाईल म्हणून बोलले. त्या दिवशी तुमच्या वडलांचा फोन आला होता. मी लिहायची विसरले."

फोन आला नव्हता. असा फोन आला असता, तर तिने त्याचा शब्दन् शब्द जपून ठेवला असता.

चिमाजीचा हात थांबला. जानकूने डोकं वर केलं. "किती म्हनला?"

"आकडा नाही सांगितला. डबा भरून वाहतोय म्हणाले. सकाळपासून दोनदा ओतला तरी भरतोय, मोजू कसा, असं म्हणाले. इतका पाऊस उभ्या जन्मात पाहिला नाही म्हणाले."

जानकू तिच्याकडे टक लावून पाहत होता.

"आन् फुडं?" त्याने विचारलं. "बा नुसता आकडा सांगून थांबनारा न्हवं. फुडं काय म्हनला?"

हे तिने पाठ केलं नव्हतं. तिने डोळे मिटले आणि भागूचा आवाज आठवला, तो खरखरीत, घाईघाईचा, रुपया संपायच्या आत बोलून घेणारा.

"म्हणाले, जानकू टेकू द्याया निघाला आसंल तर त्याला सांगा, येऊ नको म्हनावं. वाट गेलीया. असल्या पान्यापुढं टेकू काय करनार, म्हणाले. पोरगं वाटंत सापडायला नको."

जानकूचं तोंड वाकडं झालं. "मंग मला का न्हाई सांगितलं?" तो उठून उभाच राहिला. "मी तिथंच व्हतो की! तुमच्या कचेरीखालनं रोज जात व्हतो! एक हाक मारायची व्हती. मी आलो आस्तो, वाट नसती तरी आलो आस्तो, बाला उचलून न्हेला आस्ता. एक हाक मारायला काय झालं व्हतं तुमाला?"

"विसरले," रिद्धी म्हणाली.

"शिकल्याली मान्सं!" चिमाजी पचकन थुंकला. "आन् आमी पोराला बोल लावत बसलो." पुतण्याच्या नजरेला नजर न देता तो पडवीतून उठून गेला.

जानकूने तिला नाही नाही ते ऐकवलं. शेठजीची पोर, खुर्चीत बसून पगार खाणारी, माणूस मारून वर कागद पाठवणारी. रिद्धीने खाली मान घालून ऐकलं. एकेक शब्द लागत होता, आणि त्यातलं सगळंच काही खोटं नव्हतं. बोलता बोलता त्याचा आवाज फुटला, तो मटकन खाली बसला आणि बापाच्या नावाने लहान पोरासारखा रडला. सोनीबाईने त्याच्यापुढे भाकरी आणि कालवण ठेवलं. त्याने डोळे पुसले, भाकरी मोडली आणि खाता खाताही तो रिद्धीला शिव्या देतच होता.

परतीच्या जीपपर्यंत सोनीबाई तिला सोडायला आली. बांधावरून पुढे सोनीबाई, मागे रिद्धी. घाटघरचं दुकान दिसायला लागलं तेव्हा सोनीबाई थांबली.

"फोन तर त्याच्या किती आदी बंद पडलावता, ताई," ती म्हणाली. "आन् त्या दिशी ह्ये कुटं भाईर पडलेच न्हवते. दिसभर चुलीपाशी माज्याजवळच बसून व्हते."

रिद्धी तिच्यासमोर आली. "मावशी, मी…"

"दोन भाकरी खाल्ल्या त्यानं." सोनीबाईने पदराने तोंड पुसलं. "आता बाजारात कवा गाठ पडंल. तवाबी त्यो बोल लावील तुमाला, चार लोकांत लावील. लावून घ्याल न्हवं?"

जीपवाला हॉर्न वाजवत होता.

"घेईन," रिद्धी म्हणाली.